जुन्या ४०७ मध्ये टर्बो इंजिन बसवताना: केबिनला ग्राइंडर लावायच्या आधीचं आणि नंतरचं काम

दारात टाटाची जुनी ४०७, म्हणजे छोटा मालट्रक, उभी आहे, चॅसी टणक आहे, पाटे-फाळके ठीक आहेत, फक्त इंजिन दमलंय, आणि परत बोअर-पिस्टन करत बसण्यापेक्षा सरळ टर्बोवालं (एक्झॉस्टच्या जोरावर जास्त हवा आत कोंबणारं) इंजिनच का टाकू नये असं मनात आलंय. निफाड-दिंडोरीचे द्राक्षवाले, लासलगावचे कांदेवाले, नाशकात वाळू-सिमेंट मारणारे, सगळ्यांच्या डोक्यात हा किडा कधी ना कधी वळवळतोच. नाशकात द्वारका सर्कलला कुठल्याही मिस्त्रीला विचारा, तो म्हणणार "बसतंय ना, काय त्यात". बसतंय हे खरंच आहे. पण इंजिन बसवणं हे यातलं सोपं काम. खरी मेहनत आहे ती इंजिनच्या आजूबाजूला, म्हणजे केबिनचा पत्रा, क्रॉस मेंबर (चॅसीच्या दोन रेलना जोडणारा आडवा तुकडा), रेडिएटर, सायलेन्सर, आणि हे सगळं कुठल्या क्रमाने करायचं यात.

क्रमाचं आत्ताच सांगून ठेवतो कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. बहुतेक गॅरेजमध्ये काय करतात, आधी केबिनमधला इंजिनचा डबा (दोन सीटच्या मधलं इंजिनवरचं झाकण) कापतात, मग इंजिन आत घालतात, मग जिथे अडेल तिथे ठोकत-कापत जातात. उलटं करायला पाहिजे. इंजिनची जागा खालून ठरते, म्हणजे प्रोपेलर शाफ्टची (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याची) लाइन, पुढचा अॅक्सल आणि गिअरबॉक्स हे तिघं मिळून ठरवतात की इंजिन कुठे बसणार. त्यानंतर रेडिएटर. आणि केबिनचा पत्रा सगळ्यात शेवटी, कारण पत्रा कसाही वळवता येतो, शाफ्टची लाइन वळवता येत नाही.

कोणतं इंजिन घ्यायचं

४०७ बाजारात आली १९८६ साली, तेव्हा कंपनीचं नाव टेल्को होतं. जुन्या गाड्यांमध्ये ४९७ हे बिनटर्बोचं इंजिन असतं. या आकड्यातच सगळी माहिती आहे: पहिला ४ म्हणजे चार सिलिंडर आणि ९७ म्हणजे बोअर ९७ एमएम. स्ट्रोक १०० एमएम धरला की हिशोब येतो २९५६ सीसी. मोठ्या ट्रकचं ६९७ म्हणजे तोच ९७ चा बोअर पण सहा सिलिंडर, आणि स्ट्रोक पण लांब, १२८ एमएम.

आता कुणीतरी हमखास सल्ला देतो की मोठ्या ट्रकचं सहा सिलिंडरवालं मिळतंय स्वस्तात, तेच टाक. नका टाकू. दोन सिलिंडर वाढले की इंजिन लांबतं, मग एकतर रेडिएटर बंपरच्या बाहेर जातो नाहीतर गिअरबॉक्स मागे सरकवावा लागतो आणि शाफ्ट कापावा लागतो, पुढच्या अॅक्सलवर वजन वाढतं, पाटे बसतात, स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेक तेच जुने राहतात. शिवाय मोठ्या ट्रकची इलेक्ट्रिक २४ व्होल्ट, ४०७ ची १२, म्हणजे स्टार्टर-अल्टरनेटर पण वेगळे बघा. एवढं करून मिळतं काय, तर जी गाडी आरटीओत उभीच करता येणार नाही अशी गाडी.

शहाणपणाचा पर्याय म्हणजे ४९७ च्याच घरातलं टर्बो इंजिन, जुन्या पद्धतीच्या मेकॅनिकल डिझेल पंपाचं. कॉमन रेलवालं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कंट्रोलचं, स्वस्त मिळालं तरी सोडून द्या, कारण त्याच्याबरोबर ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), सेन्सर, इलेक्ट्रॉनिक अॅक्सिलरेटर पेडल आणि पूर्ण वायरिंग घ्यावं लागतं, त्यातला एक सेन्सर जरी राहिला तरी इंजिन ताकद तोडून लिंप मोडमध्ये जाऊन बसतं आणि मग वायरमन शोधत फिरा.

टर्बोमध्ये पण दोन प्रकार मिळतात, नुसतं टर्बो आणि टर्बो-इंटरकूलर (म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी असलेलं). माझं मत स्पष्ट आहे, गाडी तालुक्यातल्या तालुक्यात आणि मार्केट यार्डापर्यंतच पळणार असेल तर नुसतं टर्बो घ्या. इंटरकूलर नसला की पुढचा जवळजवळ अर्धा पत्रा वाचतो. रोज कसारा घाट चढायचा असेल तरच इंटरकूलरच्या भानगडीत पडा.

विकत घेताना नुसता ब्लॉक घेऊ नका, बेल हाउसिंग (इंजिन-गिअरबॉक्स जोडणारं घर), फ्लायव्हील, क्लच सेट, फाउंडेशनचे (इंजिन चॅसीवर धरणारे) ब्रॅकेट आणि रबर, टर्बोचे ऑइल पाइप, व्हॅक्यूम पंपासकट अल्टरनेटर, फॅन, फॅनचा शराउड (फॅनभोवतीचं कडं), एअर फिल्टरचा डबा असं सगळं एकाच गाडीचं एकत्र उचला. अंबड लिंक रोडचा भंगार बाजार पालिकेने हटवल्यापासून सगळं एका जागी मिळत नाही, सुटे सुटे पार्ट गोळा करण्यात दिवस जातात आणि शेवटी एक ब्रॅकेट जुळत नाही म्हणून काम अडतं.

कागद आधी, मग इंजिन

हा भाग वाचायचा कंटाळा येणार हे माहितीये पण इथेच बरेच जण अडकतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचे तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण हेच ठामपणे सांगितलं. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी सोय करून ठेवलीये.

इंजिन बदलायला मात्र वाट आहे, ती म्हणजे त्याच मेकचं आणि त्याच टाइपचं इंजिन, आरटीओच्या मंजुरीने. आता बिनटर्बोचं काढून टर्बोचं टाकणं हे "त्याच टाइपचं" धरायचं का, हे मोटार वाहन निरीक्षक ठरवणार, आपण नाही आणि मिस्त्री तर अजिबात नाही. म्हणून इंजिनचे पैसे देण्याआधी पेठ रोडच्या आरटीओ ऑफिसला लेखी अर्ज द्या (एमएच १५ वाल्यांनी, गाडी एमएच ४१ असेल तर मालेगावला), त्यात जुन्या-नव्या इंजिनचा मॉडेल नंबर, सीसी आणि एमिशनचा दर्जा लिहा, आणि उत्तर लेखीच घ्या. एजंट म्हणाला "होऊन जाईल" याला काही अर्थ नाही. नाही म्हणाले तर त्याच टाइपचं रिकंडिशन इंजिन टाका आणि विषय संपवा, किंवा गाडी फक्त स्वतःच्या शेतात-खडीच्या पट्ट्यातच फिरवायची असेल तर तो वेगळा विचार.

कागद कोणते लागतात ते पण बघा: इंजिन ज्या गाडीतून आलं तिच्या आरसीची झेरॉक्स किंवा आरसी रद्द झाल्याचा कागद, जीएसटीचं पक्कं बिल ज्यावर इंजिन नंबर छापलाय, गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी. इंजिनवरचा नंबर स्वतः बघा, घासलेला, परत पंच केलेला, वेल्डिंगचा ठिपका असलेला वाटला तर तिथूनच परत फिरा, भाव कितीही चांगला असू दे. आणि चॅसीवर जिथे नंबर पंच केलाय त्या जागेच्या आसपास ग्राइंडर, वेल्डिंग, रंग काहीही नको.

माप काढणं

सगळ्यात महत्त्वाचा दिवस हा. जुनं इंजिन गाडीत असतानाच मापं घ्यायची, काढल्यावर नाही. एकदा काढलं की ते कुठे होतं हे सांगणारं कुणी उरत नाही.

गाडी सपाट कोब्यावर उभी करा, सगळ्या टायरची हवा नीट करा आणि ट्रॉलीत नेहमी असतो तेवढा माल किंवा वाळूच्या गोण्या भरा. रिकाम्या गाडीचे पाटे उचललेले असतात, मागच्या अॅक्सलचं हाउसिंग खाली लटकतं आणि शाफ्टचा अँगल खोटा दिसतो. मग ओळंबा घ्या, चॅसीच्या दोन्ही रेलवरून जमिनीवर खुणा उतरवा, मधली रेषा दोरीने मारा. त्या रेषेपासून क्रँक पुलीचं सेंटर किती बाजूला आहे ते मोजा. सगळीच इंजिनं बरोबर मधोमध बसवलेली नसतात, थोडी एका बाजूला सरकवलेली असू शकतात, आणि हे लक्षात आलं नाही तर नवीन इंजिन "मधोमध" बसवून शाफ्ट तिरका होतो.

त्यानंतर क्रँक पुलीची रेलच्या वरच्या कडेपासून खोली, बेल हाउसिंगच्या मागच्या तोंडाचं चॅसीवरच्या एखाद्या पक्क्या रिव्हेटपासून अंतर, सम्प (इंजिनखालची ऑइलची टाकी) आणि अॅक्सलमधली जागा, फॅन आणि रेडिएटरमधली जागा, डब्याच्या आतल्या पत्र्यापासून टॅपेट कव्हर (इंजिनचं वरचं झाकण) किती लांब, ही सगळी मापं वहीत आणि खडूने चॅसीवर पण लिहा. अँगल मोजायला चुंबकवालं डिजिटल मीटर मिळतं, ते गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजवर, शाफ्टवर आणि मागच्या पिनियन फ्लँजवर (शाफ्ट मागच्या अॅक्सलला जोडतो तिथे) अशा तीन ठिकाणी लावा. इंजिन मागच्या बाजूला दोन-चार अंश खाली झुकलेलं असतं, ते तसंच असायला हवं. गिअरबॉक्सचा फ्लँज आणि पिनियनचा फ्लँज एकमेकांना समांतर राहिले पाहिजेत, एखाद्या अंशाचा फरक चालतो, आणि क्रॉस जॉइंट एक ते तीन अंशांत काम करत असला तर तो वर्षानुवर्षं टिकतो. हे बिघडलं की ठरावीक स्पीडला गाडी घरघरते, मग मालक टायर बॅलन्सिंग करत बसतो, सेंटर बेअरिंग बदलत बसतो, आणि खोट असते फाउंडेशनमध्ये.

फोटो भरपूर काढा. वायरिंगचे, व्हॅक्यूमच्या नळ्यांचे, केबलच्या वळणांचे.

जुनं इंजिन बाहेर

४०७ ची केबिन टिल्ट होत नाही त्यामुळे इंजिन पुढून काढायचं. बॅटरी काढा, पाणी-ऑइल काढा, पुढची जाळी, बंपर, रेडिएटर, वरचं बोनेट काढा, केबिनमधला डबा काढा, चेन ब्लॉक किंवा इंजिन क्रेनने थोडं उचलून पुढे घ्या. गिअरबॉक्स मात्र जागचा हलवू नका, त्याला खालून जॅक आणि लाकडी ठोकळा द्या आणि वरून पट्ट्याने बांधा. ही सगळ्या कामातली सगळ्यात मोठी सोय आहे, कारण गिअरबॉक्स जागेवर राहिला की मागचा शाफ्ट, गिअरचं लिंकेज, स्पीडोमीटर केबल आणि इंजिनची मागची बाजू हे सगळं आपोआप ठरून जातं. मग वाढीव जे काही आहे ते फक्त पुढे, वर आणि टर्बोच्या बाजूला जातं.

इंजिन बाहेर असताना चॅसी धुवून घ्या आणि पुढच्या भागात रिव्हेट सैल झालेत का, पाटा-ब्रॅकेटजवळ तडा आहे का ते बघा. तडा सापडला तर इंजिनचा विषय थांबवून आधी चॅसीचं काम.

डमी बसवून बघणं

नवीन इंजिन तयार करून मग बसवू नका. जुना रिकामा ब्लॉक मिळाला तर उत्तम, नाहीतर नवीन इंजिनच पण हेड, टर्बो, मॅनिफोल्ड, सम्प आणि बेल हाउसिंग लावून, रंग न देता, आत घाला. गिअरबॉक्सला बोल्ट मारा आणि पुढून चेन ब्लॉकवर लटकत ठेवा. आता वहीतल्या मापांप्रमाणे पुली आणा, अँगल मीटर लावा, दोरी तपासा.

या अवस्थेत कुठे काय अडतं ते दिसतं. पुढच्या अॅक्सलवर सम्पची जागा बघताना गाडी उभी असतानाची जागा बघून खूश होऊ नका, खड्ड्यात गेल्यावर अॅक्सल बंप स्टॉपपर्यंत वर येतो, तेव्हा सुद्धा बोटभर तरी जागा पाहिजे. टर्बो ज्या बाजूला येतोय तिथे स्टिअरिंग कॉलम, ब्रेकची नळी, डिझेलची नळी, क्लचचं लिंकेज यातलं काय आहे ते बघा. आणि अजून एक, जोरात अॅक्सिलरेटर दिला की इंजिनचा वरचा भाग ड्रायव्हरच्या बाजूला झुकतो (क्रँक पुढून बघितला तर घड्याळाच्या दिशेने फिरतो, ब्लॉकला उलटा रेटा बसतो), म्हणून ड्रायव्हरकडच्या बाजूला डब्याच्या पत्र्यापासून निदान ४०-५० एमएम सोडा, बाकी बाजूंना २५ चालेल.

फाउंडेशन

पुठ्ठ्याचे साचे कापा, ते जागेवर लावून बघा, मग सातपूर-अंबडला लेझर कटिंगवाल्याकडून ८ ते १० एमएम प्लेट कापून आणा. हाताने गॅस कटरने कापलेली प्लेट पण चालते पण भोकं आणि कडा घासण्यात अर्धा दिवस जातो, त्यापेक्षा कटिंगचे पैसे परवडतात. प्लेटला तिरका आधार द्या, नुसता एल अँगल वेल्ड करून सोडला की वळतो.

चॅसीच्या बाबतीत तीन गोष्टी अजिबात सोडू नका. एक, रेलच्या वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीला, म्हणजे फ्लँजला, भोक नाही, कट नाही, वेल्डिंग नाही. सगळा ताण त्याच पट्ट्यांवर येतो, तडा तिथूनच सुरू होतो. दोन, ब्रॅकेट रेलच्या उभ्या भागाला बोल्टने लावायचे, भोकं ड्रिलने पाडायची, गॅसने नाही, आणि दोन भोकांमध्ये भोकाच्या व्यासाच्या निदान तिप्पट अंतर. तीन, बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे, डोक्यावर आकडा कोरलेला असतो, नसेल तर तो बोल्ट टपाल पेटीला वापरा.

फॅनची पुली किंवा सम्प पुढच्या क्रॉस मेंबरला लागत असेल तर मिस्त्री लगेच म्हणतो "खालून अर्धचंद्र कापतो". क्रॉस मेंबर दोन्ही रेलना धरून ठेवतो, त्याच्याच जवळ स्टिअरिंग बॉक्स आहे, तो अर्धवट कापला की खड्ड्यात रेल एकमेकांच्या तुलनेत हलतात आणि स्टिअरिंगला त्याचा झटका येतो. मध्ये खोलगट असलेला नवीन क्रॉस मेंबर तेवढ्याच किंवा जास्त जाडीच्या मालाचा करून घ्या, आधी तात्पुरती पट्टी रेलना बोल्ट करा, मग जुना काढा, मग नवीन लावा.

वेल्डिंग करताना बॅटरीची आणि अल्टरनेटरची वायर काढलेली पाहिजे, आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ, लांब कुठेतरी अॅक्सलला नाही, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगला खड्डे पडतात. गाडीत फक्त टाके मारा, पूर्ण वेल्डिंग ब्रॅकेट काढून टेबलावर. रबर माउंट नवीनच लावा.

केबिनचा पत्रा

रेडिएटरची जागा डमीवर ठरली असेल (मापं पुढच्या भागात आहेत) तर आता ग्राइंडर घ्या. आत्ता, आधी नाही.

४०७ मध्ये इंजिनचा पुढचा भाग बोनेटखाली आणि मागचा भाग दोन सीटच्या मधल्या डब्याखाली असतो. टर्बो इंजिनला साधारण तीन ठिकाणी जागा कमी पडते: डब्याची उंची (इनटेकचा पाइप वरून जातो म्हणून), टर्बोकडची बाजू, आणि पुढचा काऊल (समोरच्या काचेखालचा पत्रा). डमी आत असताना पत्र्यावर मार्करने खुणा करा, सगळीकडे ठरवलेली जागा धरून रेषा मारा, आणि रेषेच्या आत कापा, बाहेर नाही, कमी कापलेलं परत कापता येतं.

केबिनच्या तळाचा पत्रा किंवा काऊलचा मोठा तुकडा काढणार असाल तर आधी दोन्ही दरवाजांच्या चौकटीत आडवा पाइप टाके मारून लावा. हे बॉडीवाले सुद्धा विसरतात. तळ कापला की केबिन चार-पाच एमएम उघडते आणि काम संपल्यावर दरवाजा लागत नाही, मग बिजागऱ्या ठोकत बसतात. कापायला पातळ चकतीचा ग्राइंडर वापरा, गॅस कटरने पत्रा उष्णतेने लाटांसारखा वाकतो.

नवीन डबा १८ गेजच्या म्हणजे १.२ एमएम पत्र्याचा, तळाचा भाग १६ गेज म्हणजे १.६ एमएम. सपाट मोठा पत्रा तसाच ठेवू नका, इंजिनबरोबर तो ढोल वाजवतो, त्यात बीडिंग मारून घ्या किंवा आतून दोन आडव्या पट्ट्या द्या. डबा कायमचा वेल्ड करू नका, चिमट्याच्या कड्या लावा, कारण टॅपेट, टर्बोची नळी, इंजेक्टर हे सगळं इथूनच करायचंय. ऑइलची काडी पुढून बोनेटमधून ओढता येते का तेही आत्ताच बघा. गिअर लिव्हर पाचही गिअरला आणि रिव्हर्सला टाकून बघा, लिव्हर नवीन डब्याला घासला तर डबा बदला, लिव्हर वाकवू नका.

टर्बो आणि एक्झॉस्टपासून पत्रा ७५ ते १०० एमएम लांब ठेवता आला तर छान. नाही जमलं तर मध्ये पातळ स्टेनलेस पत्र्याची ढाल, पत्र्यापासून १५-२० एमएम हवा सोडून. आतून सिरॅमिक वूल आणि अॅल्युमिनियम फॉइल लावा, साधा फोम किंवा गोणपाट नको, पेट घेतो. आणि डब्याच्या कडेला रबर बीडिंग सलग पाहिजे, कुठेही फट नको. उन्हाळ्यात ड्रायव्हरचे पाय भाजतात हे त्रासाचं आहेच, पण खरा धोका एक्झॉस्टच्या धुराचा आहे, सायलेन्सरचा जॉइंट गळला आणि फटीतून धूर केबिनमध्ये आला तर रात्रीच्या गाडीला ड्रायव्हरला गुंगी येते आणि त्याला कळत पण नाही.

कापलेल्या सगळ्या कडांना झिंक प्रायमर, जोडावर सीलर, मग रंग.

रेडिएटर आणि इंटरकूलर

पुढून क्रम असा: जाळी, इंटरकूलर, रेडिएटर, शराउड, फॅन. इंटरकूलर ५०-६० एमएम जाडीचा जरी धरला तरी मध्ये हवेची जागा, ब्रॅकेट मिळून सगळं बरंच पुढे सरकतं. मागे जागा नसते कारण फॅन आहे, म्हणून जाळीची फ्रेम पुढे आणावी लागते, बोनेटचा कुलूप-पट्टा सरकवावा लागतो, कधी हेडलाइटचं घर पण.

फॅनच्या पात्यापासून रेडिएटरच्या जाळीपर्यंत निदान २५ एमएम, पात्याच्या टोकापासून शराउडपर्यंत १०-१५, आणि फॅन शराउडमध्ये निम्मा आत निम्मा बाहेर. शराउड न लावता "मोठा फॅन टाकू" हा उपाय फुकट आहे, फॅन तीच गरम हवा गोल गोल फिरवतो. रेडिएटरच्या कडेने हवा निसटू नये म्हणून बाजूला रबरी पट्ट्या. रेडिएटरची वरची टाकी इंजिनच्या पाण्याच्या सगळ्यात वरच्या जागेपेक्षा उंच हवी, बोनेटमुळे ते जमत नसेल तर वेगळी हेडर टाकी काऊलवर बसवा. नाहीतर हेडमध्ये हवा अडकते, काटा नॉर्मल दाखवतो आणि गॅस्केट जातं.

इंटरकूलरच्या पाइपांना टोकाला उंचवटा वळवून घ्या, सिलिकॉन होज आणि रुंद टी-बोल्ट क्लॅम्प लावा. साधा पाना-क्लॅम्प घाटात प्रेशरला सुटतो.

बाकीच्या जोडण्या, भरभर

टर्बोच्या ऑइलची परतीची नळी सरळ खाली उतरली पाहिजे, उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त तिरकी नको, मध्ये कुठे पोट नको. एअर फिल्टर टर्बोला पुरेल असा मोठा, आणि फिल्टर ते टर्बो नळी तारवाली, नुसती रबरी नळी ओढीने चपटी होते. सायलेन्सरला टर्बोनंतर लगेच लवचीक बेलो, कारण इंजिन रबरावर हलतं आणि पाइप चॅसीवर घट्ट असतो.

व्हॅक्यूम पंप विसरू नका. डिझेल इंजिनला पेट्रोलसारखा मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम नसतो, ब्रेकचा बूस्टर त्या पंपावर चालतो, त्यामुळे नवीन इंजिनवर पंप आहे, त्याला ऑइल येतंय, नळी बूस्टरपर्यंत घट्ट आहे हे बघितल्याशिवाय गाडी गॅरेजच्या दारातून सुद्धा बाहेर काढू नका.

इंजिन ते चॅसी जाड अर्थिंगची पट्टी पाहिजे. रबरावर बसलेल्या इंजिनला ती नसली की स्टार्टरचा करंट अॅक्सिलरेटर केबलमधून रस्ता शोधतो, केबल तापून चिकटते.

पहिला स्टार्ट

ऑइल, पाणी भरा, डिझेलची हवा हँड प्रायमरने काढा. स्टॉप खेचलेला ठेवून स्टार्टर मारा, दहा-दहा सेकंद, मध्ये विश्रांती, ऑइलचं प्रेशर दिसेपर्यंत. टर्बोच्या बेअरिंगला कोरडं फिरवलं की पहिल्याच दिवशी त्याचं आयुष्य कमी होतं. शेजारी एक माणूस जाड फळी घेऊन उभा करा, इंजिन पळालं (म्हणजे आपोआप वेग घेत सुटलं) आणि स्टॉप लागला नाही तर एअर इनलेटवर फळी दाबायची, हात किंवा फडका चुकूनही नाही.

चालू झालं की पाच-दहा मिनिटं आयडलवर, गळती बघा. मग गिअर टाकून, हँडब्रेक ओढून, हळूच क्लच सोडत इंजिन किती झुकतं ते डबा उघडून बघा, फॅन, होज, टर्बो कशाला लागतंय का.

रस्त्यावर

पहिले काही दिवस रिकामी, शहराच्या रिंग रोडवर. मग अर्धा माल घेऊन चांदवडकडे राहुड घाट, आणि तो नीट झाला की इगतपुरीवरून कसाऱ्याला उतरून पूर्ण मालासकट परत चढा. एप्रिल-मे मध्ये भर दुपारी चढलात तर रेडिएटरचं काम कसं झालंय ते कळेलच. पाण्याचा काटा सरकत राहिला तर आधी शराउड आणि कडेच्या पट्ट्या बघा, थर्मोस्टॅट काढून टाकणं हा इलाज नाही.

ताकद वाढली म्हणून माल वाढवायचा नाही, आरसीवरचं एकूण वजन तेच आहे, ब्रेक-पाटे-टायर तेच आहेत. दोन-तीन आठवड्यांनी फाउंडेशनचे, क्रॉस मेंबरचे, शाफ्टच्या फ्लँजचे सगळे बोल्ट परत आवळा आणि प्रत्येकावर रंगाची रेघ मारा, म्हणजे फिरला की दिसतो.

पीयूसीला जुन्या डिझेलसाठी धुराची मर्यादा (धूर किती प्रकाश अडवतो त्याचा आकडा, प्रति मीटर) २.४५ आहे, बीएस ४ ला १.६२. पंप जास्त डिझेल मारायला लावून घेतला असेल तर काळा धूर निघतो आणि गाडी इथेच अडते, तो पंप टेबलावर नीट सेट करून घ्या. मग आरटीओत गाडी नेऊन नवीन इंजिन नंबर आरसीवर चढवा, कायद्यात बदलानंतर १४ दिवसांत कळवायला सांगितलंय, त्याच आरसीची कॉपी इन्शुरन्स कंपनीला द्या आणि पॉलिसीवर नवीन नंबराची एंडोर्समेंट, म्हणजे नोंद, करून घ्या. पॉलिसीवर जुना इंजिन नंबर राहिला असेल तर अपघातानंतर येणारा सर्व्हेअर सगळ्यात आधी तोच बघतो.